मोठ्या साहेबांची भिंत आणि मी

मी शिडी बोलतेय. चौदा पायऱ्यांची, सागाची, साधी शिडी. शिडीला बोलण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण आता मी दमलेय, आणि दमलेल्या माणसासारखं मलाही एकदा सगळं बोलून मोकळं व्हावंसं वाटतंय. बसा जरा.

मला एका सुताराने आपल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी बनवलं. हा नवरा पाट्या रंगवणारा पेंटर. लग्नानंतर वर्षभर तो पिंपावर पिंप रचून दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि घरी बायकोचा जीव टांगणीला लागायचा. सुताराने आठवडाभर खपून मला उभी केली आणि मी मजबूत आहे हे दाखवायला सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून उड्या मारल्या. बहीण म्हणाली, आधी खाली उतर. तो हसत हसत उतरला. असा तो माणूस होता, आणि तो मला फार आवडायचा.

पेंटरने दुकानं रंगवली, शाळा रंगवली, दवाखान्याची पाटी रंगवली. पण त्याचं पोट चालायचं ते नगरभवनासमोरच्या एका भिंतीवर. तिच्यावर दर वर्षी वाढदिवसाच्या आधी मोठ्या साहेबांचा चेहरा नव्याने काढायचा. देशाचा कारभार ज्यांच्या एकट्याच्या हातात होता, ते मोठे साहेब. कामाच्या कागदावर दर वर्षी लिहिलेलं असायचं, ‘मागील वर्षापेक्षा प्रसन्न’. पेंटर बिचारा एका वर्षी डोळ्यांखालची सुरकुती काढून टाकायचा, दुसऱ्या वर्षी केस दाट करायचा. बावीस वर्षांत साहेब स्वतःच्या मुलापेक्षा तरुण दिसायला लागले, आणि पेंटरचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त वाजायला लागले.

डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. मग नगरपालिकेचे ओव्हरसियर यायचे. ते आधी औषधांच्या दुकानापाशी उभे राहायचे, मग बसथांब्यापाशी, मग नगरभवनाच्या फाटकात. तिन्हीकडून साहेबांचे डोळे आपल्यावरच आहेत याची खात्री पटली की ‘बघताहेत’ म्हणायचे आणि कागदावर सही ठोकायचे. पेंटरची मुलगी शाळेला सुट्टी असली की खाली माझे पाय धरून बसायची. साहेब कधी आभाळाकडे का बघत नाहीत, असं तिने एकदा विचारलं होतं. पेंटर म्हणाला, तू शिडीकडे लक्ष दे.

ही मुलगी पुढे सरकारी दवाखान्यात नर्स झाली. त्या वर्षीच्या निवडणुकीत ती आईबरोबर मतदानाच्या रांगेत उभी होती. रांगेतल्या कुणाच्या तरी रेडिओवर बातमी लागली, मोठे साहेब प्रचंड मतांनी विजयी. अजून निम्म्या रांगेचं मतदान व्हायचं होतं! कुणी आरडाओरडा केला नाही. पुढच्यांनी मागे वळून मागच्यांकडे बघितलं, आणि ती रांग घरी जाण्याऐवजी चौकात जाऊन बसली. बघता बघता सगळं गाव तिथे लोटलं.

पेंटर मात्र नऊ दिवस घराला कडी लावून आत बसला. नको असलेले रंग उगाच घोटत राहिला. नवव्या दिवशी दुपारी सुतार मला न्यायला आला. कशाला हवी, असं पेंटरने विचारलं. भिंतीसाठी, सुतार म्हणाला. पेंटरने घोटणं थांबवलं. मग म्हणाला, “चुन्यात डिंक घाल. नाहीतर खालचा रंग वर येतो.”

वर चढली ती मुलगी. खाली मामाने माझे पाय धरले. तिने आधी साहेबांचे डोळे पुसले, आणि चौकातून असा आवाज उठला की माझ्या सगळ्या पायऱ्या थरथरल्या. तेवढ्यात नगरभवनाच्या गच्चीवरून गोळ्या सुटल्या. मामाला लागली, पण त्याने हात सोडले नाहीत. भाची शेवटची पायरी उतरेपर्यंत त्याने मला घट्ट धरून ठेवलं, आणि मग मलाच टेकून खाली बसला. तिने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. तिला ते काम येत होतं, तरी उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब विमानात बसून पळाले.

लोकांनी उरलेला चेहराही चुन्याने झाकला. पुढचे काही महिने भिंत पांढरी होती. पेंटरने मधोमध त्या गोळीबारात मेलेल्या अकरा जणांची नावं लिहिली, आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर अक्षरात. मेहुण्याचं नाव पाचवं होतं. त्याभोवती लोकांनी आपापलं लिहिलं. आमच्या गल्लीत दिवा लावा. शाळेला शिक्षक द्या. एकाने नुसतंच लिहिलं, मी पण होतो. अक्षरं वाकडीतिकडी होती आणि पेंटर नाक मुरडायचा, पण एकही अक्षर त्याने पुसलं नाही.

कारभार चालवायला एक परिषद नेमली गेली. तिचे प्रमुख ‘सर’. कॉलेजात शिकवायचे, दाढी, जाड चष्मा. नऊ दिवस चौकात सगळ्यांबरोबर जमिनीवर बसले होते. त्यांच्या फुटलेल्या कपाळाला नर्सनेच पट्टी बांधली होती. सहा महिन्यांत खरी निवडणूक घेऊ, असं सर म्हणाले. सहा महिन्यांनी म्हणाले, याद्या तयार नाहीत. मग सरहद्दीवर गडबड आहे असं निघालं. मग परिस्थिती निवळू द्या. दवाखान्यात औषधं आधी नव्हती, आताही नव्हती. लोक कंटाळले. मोठ्या साहेबांच्या वेळी निदान दिवे तरी लागायचे, असंही कुणी कुणी बोलायला लागलं. ते ऐकताना मला फार थकवा यायचा.

एके दिवशी ओव्हरसियर दारात हजर. कोट तोच, बिल्ला नवा. भिंत घाण झाली आहे, ती पांढरी करून सरांचा चेहरा काढायचा. नावांचं काय? ती पुढे संगमरवरात कोरू म्हणाले.

पेंटरला अकरा महिने काम नव्हतं. ओव्हरसियरना नाही म्हणायची छातीही नव्हती. शेवटी सर आपलेच आहेत, असं त्याने मुलीला समजावून बघितलं.

“आपले आहेत म्हणूनच भिंतीवर नकोत, बाबा,” ती म्हणाली. “मामाचं नाव आहे तिथे.”

तो तरी गेलाच. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि उठून जायची. भिंतीपाशी या वेळी मला धरायला कुणी नव्हतं. पेंटरने मला दोरीने खिडकीच्या गजांना बांधलं आणि चार दिवस एकट्याने काम केलं.

घोळ तिथे झाला. भिंतीला नाक लावून काम करणाऱ्याला चेहरा दिसत नाही, रंगाचे ठिपके दिसतात. पेंटर शेवटी डोळे काढून खाली उतरला, औषधांच्या दुकानापाशी गेला आणि त्याने वळून बघितलं. दाढी सरांची होती, चष्मा सरांचा होता. चष्म्यामागून मोठे साहेब बघत होते. बावीस वर्षं हाताने दुसरे डोळे काढलेच नव्हते.

ओव्हरसियर तीन ठिकाणी उभे राहिले. ‘बघताहेत’ म्हणाले, सही केली. संध्याकाळी सर स्वतः आले आणि भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. आता हे पुसायला सांगतील, या आशेने पेंटर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सर म्हणाले, “भारदस्त झालंय. असंच राहू द्या.”

पेंटर घरी आला आणि उंबऱ्यातच मुलीला म्हणाला, “मी मुद्दाम नाही काढले ते डोळे. हाताला दुसरे येतच नाहीत.”

“सरांना कळलं?”

“कळलं. आवडले.”

तिने आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं. किती दिवसांनी ती त्याच्याजवळ बसली.

दुसऱ्या दिवशी, कचेऱ्या उघडायच्या वेळेला, दोघं मला घेऊन निघाले. तू घरी थांब, असं त्याने सांगून बघितलं. मग शिडी कोण धरणार, तिने विचारलं. भिंतीपाशी ती माझे पाय धरून उभी राहिली. तो गुडघे धरत धरत चढला आणि डिंक घातलेल्या चुन्याने आधी डोळे पुसायला लागला. या वेळी गोळ्या आल्या नाहीत. दोन पोलीस आले आणि अदबीने म्हणाले, काका, उतरा. एक डोळा राहिलाय, पेंटर म्हणाला. ते तेवढं थांबले.

“शिडी मी धरली होती,” मुलगी म्हणाली. “माझंही नाव लिहा.” दवाखान्यात एकच नर्स आहे, असं म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. माझ्या गळ्यात मात्र मुद्देमालाची चिठ्ठी बांधली.

कोर्टात मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आरोप असा की परिषदेच्या प्रमुखांचं चित्र विद्रूप केलं. न्यायाधीश वयस्कर होते. गुन्हा कबूल आहे का, त्यांनी विचारलं.

“नाही,” पेंटर म्हणाला. “मी मोठ्या साहेबांचे डोळे पुसले. बावीस वर्षं काढलेत, मला ओळखू येणार नाहीत? त्यांची चित्रं पुसायची, असा परिषदेचाच हुकूम आहे.”

न्यायाधीशांनी भिंतीचा फोटो मागवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ओव्हरसियरना विचारलं, हे डोळे कुणाचे? ओव्हरसियरनी छताकडे बघितलं. “मी फक्त बघताहेत की नाही तेवढं बघतो,” ते म्हणाले.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी हुकूम वाचून दाखवला. असला प्रश्न निवडून आलेल्या सरकारपुढेच सुटू शकतो. तोवर आरोपी कोठडीत आणि मुद्देमाल ठाण्यात ठेवावा. मुलगी उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, “निवडणूक कधी आहे?” न्यायाधीशांनी तिच्याकडे बघितलं. मग मान खाली घालून पुढचा खटला पुकारायला सांगितला.

तेव्हापासून मी ठाण्याच्या मागच्या अंगणात आडवी पडून आहे. उन्हाने सांधे ढिले झालेत. मला सोडवा असं मी म्हणणार नाही, मी लाकूड आहे. पण पेंटरच्या कोठडीची खिडकी याच अंगणात उघडते. मुलगी रोज सकाळी कामावर जाताना कुंपणापाशी येते. तो गजांतून विचारतो, “निवडणुकीची तारीख?” आणि ती नाही म्हणून मान हलवते. मग ती आईची तब्येत सांगते, दवाखान्यातलं काहीबाही सांगते, आणि तिची वेळ होते. एखाद्या सकाळी तिला अशी मान हलवावी लागू नये, एवढं तुमच्याकडून होतं का बघा.