मधला पाचू

राणीचा हार संग्रहालयात आला तेव्हा त्याच्यासोबत मखमलीची पेटी, दोन पहारेकरी आणि एक वाक्य आलं. पेटीशी आणि पहारेकऱ्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं. वाक्य मात्र थेट माझ्या घरातलं होतं. हाराशेजारी जी पाटी लागणार होती तिचा मजकूर राजवाड्याच्या माणसांनी आधीच तयार करून पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, 'मधला पाचू दुरुस्तीच्या वेळी एका कारागिराच्या हलगर्जीपणामुळे तडकला.'

तो कारागीर म्हणजे माझा काका.

मी खडे तपासते. खडा खरा की खोटा, कुठल्या खाणीतला, कुणाच्या अंगावरून कुणाच्या अंगावर गेला, हे शोधून काढायचं माझं काम. राणी वारल्यावर वारसांनी हार संग्रहालयाला देऊन टाकला आणि तो तपासायला माझ्याच टेबलावर आला. मी लपवाछपवी केली नाही. आमच्या प्रमुखांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की त्या पाटीवरचा कारागीर माझा सख्खा काका आहे.

प्रमुखांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. "अहो, मग हे काम तुम्ही करणं बरं दिसेल का?"

"मग कोण करणार? तुम्ही?"

प्रमुख तसे भले गृहस्थ. माझ्या जिभेची त्यांना सवय आहे. कप बशीत ठेवत ते म्हणाले, "करा. पण बाहेरच्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेऊ. आणि जे निघेल ते पाटीवर जाईल, बाई. काकाने फोडला असेल, तर काकानेच फोडला."

"तसंच," मी म्हटलं.

बाबांचं कोंदणकामाचं दुकान होतं. खिडकीखाली एक लांब टेबल, त्याच्या एका टोकाला बाबा आणि दुसऱ्या टोकाला काका. बाबा खडे बसवायचे, काका घासूनपुसून दागिना चकचकीत करायचा. बाबांच्या नाकावर राग ठेवलेलाच असायचा. काका त्यांच्याहून बराच लहान, लग्न न केलेला, माझ्याशी मस्ती करायला कायम मोकळा. माझ्यासाठी आणलेल्या गोळ्या खिशात असताना "संपल्या गं, आज नाहीत" असं म्हणायचा. खोटं बोलताना त्याचा आवाज उलट जास्तच मऊ, जास्तच निवांत व्हायचा. मी लगेच त्याचे दोन्ही खिसे उलटे करायचे.

दुकानाची एक रीत होती. दागिना बाहेर जाण्याआधी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायचा. मळ, मेण, तेलकटपणा सगळं निघून जातं आणि सोनं नव्यासारखं होतं. फक्त पाचूला ही रीत लागू नव्हती. पाचूला गरम पाणी दाखवायचं नाही, तो तडकतो, हे दुकानातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं असं बाबा म्हणत.

राणीचा हार आला तो मधल्या खड्याची पकड सैल झाली म्हणून. पकड घट्ट करायची, पण खडा कोंदणातून बाहेर काढायचा नाही, अशी राजवाड्याची सक्त ताकीद होती. बाबांनी काम मन लावून केलं. त्या दिवशी मी शाळेतून आले तर दुकानातलं काम थांबलेलं. कापडावर हार पडला होता आणि मधल्या हिरव्यागार खड्यात पांढऱ्या रेघांचं जाळं पसरलं होतं. राजवाड्याचा माणूस दारात उभा होता. पोटुशी आई आतल्या दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"कुणी केलं हे?" त्या माणसाने विचारलं.

बाबा काहीतरी बोलायला गेले. पण त्यांच्या आधी काका बोलला. "पाणी मी तापवलं. सवयीने बाकीच्यांबरोबर हाही घातला. मीच घातला." अगदी शांतपणे बोलला.

बाबांनी त्याला त्याच दिवशी दुकानातून काढलं. राजवाड्याला तेवढंच हवं होतं. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटलं की त्यांचं समाधान. दुकान वाचलं. काकाला मात्र त्यानंतर एकाही सराफाने दारात उभं केलं नाही. तो लांबच्या एका गावी गेला आणि सायकली दुरुस्त करत राहिला. बाबांनी घरात त्याचा विषय काढू दिला नाही. कुणी काढलाच तर ते ताटावरून उठून जात.

एकदाच तो मला भेटला. मी खडे तपासण्याचं शिकत होते तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. हाताच्या रेषांमध्ये सायकलचं काळं ग्रीस. मी नवं भिंग मोठ्या ऐटीने दाखवलं. तो हसला. "भिंग खड्याला नाही लावायचं गं, वेडाबाई. डोळ्याला लावायचं आणि खडा भिंगापाशी आणायचा." मग विचारलं, "दादा बरा आहे ना?" मी हो म्हटलं. त्याला तेवढंच हवं होतं बहुतेक. चहाही न घेता गेला.

गेल्याच्या गेल्या वर्षी तो वारला. मी बाबांना म्हटलं, चला. ते हलले नाहीत. दिवसभर खिडकीशी बसून हत्यारांना तेल देत राहिले. त्या दिवशी मी बाबांशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस इतका दगड कसा असू शकतो, असा प्रश्न मला पडला होता. सख्खा भाऊ, आणि एका खड्यासाठी शेवटचं तोंडही बघितलं नाही.

बाबा आता माझ्याकडेच असतात. नजर जवळजवळ गेली आहे, पण जुनं टेबल त्यांनी हट्टाने सोबत आणलं. रोज सकाळी उठून पकडी, चिमटे, कानशी हातांनी चाचपून ओळीने मांडतात आणि लांब चोचीच्या बुधलीतून प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडतात. शिवणाच्या मशीनला घालतात ते पातळ तेल. पुढे ही हत्यारं कुणी वापरणार नाही. चादरीला, दाराच्या कडीला, माझ्या ओढणीला सगळीकडे त्या तेलाचे डाग. मी रोज कटकट करते, ते रोज ऐकून घेतात.

हार आल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चिमटा थांबला. "मधला बघणार तू?"

"बघणार."

"कोंदणातून काढणार?"

"परवानगी मिळाली आहे."

"जपून," एवढंच म्हणाले.

खडा बाहेर काढला तेव्हा पहिल्यांदा मी मायक्रोस्कोपखाली त्याचं गाव शोधलं. पाचूच्या पोटात बारीक पोकळ्या असतात आणि कधी कधी त्यांत खाणीची खूण सापडते. याच्या पोटात पाण्याचा थेंब होता, थेंबात हवेचा बुडबुडा आणि बुडबुड्याशेजारी मिठाचा एक चौकोनी कण. म्हणजे खडा समुद्रापलीकडच्या डोंगरातला. जहाजातून आलेला. राणीच्या घराण्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा खाणीतून निघालेला.

मग मी त्याला आडवा केला आणि कडेला, जिथे आजवर सोन्याची पट्टी होती तिथे, एक खोबण दिसली. गोल, सरळ, टोकापासून टोकापर्यंत. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं की हे भोक आहे, अर्धं उरलेलं. हा खडा कधीकाळी मणी होता. कुठल्यातरी राजाने दोऱ्यात ओवून तो दंडावर बांधला असणार. पुढे ते राज्य गेलं, मणी दुसऱ्याच्या हाती लागला. त्या दुसऱ्याने कड घासून त्याचा खडा केला आणि भोक सोन्याखाली झाकून टाकलं. राजवाड्याची सक्त ताकीद कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. राणीच्या मुख्य खड्याला भोक आहे हे कुणाला दिसायला नको होतं.

आणि तडा त्या भोकातूनच निघाला होता.

मी भिंग बदललं. दिवा बदलला. तड्याच्या आत, अगदी खोलवर, भोक पाडताना वापरतात ती वाळूसारखी पूड अडकून बसली होती. तोंडाशी जुन्या तेलाचा तपकिरी, वाळलेला थर होता. आमच्या सोड्याच्या पाण्यानेही तो पूर्ण निघाला नव्हता. बाजारातल्या पाचूला तडा लपवायला तेल मुरवतात हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण राजवाड्याचा खडा! तो आधीच तडकलेला असेल, त्यालाही कुणी तेल पाजलं असेल, असं मनात आणायची हिंमत ना बाबांची झाली, ना काकाची. पाण्याने फक्त तेल काढलं. तडा होता तिथेच होता, काकाच्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीपासून.

खात्री करायला मी तेलाचा एक थेंब तड्याच्या तोंडावर ठेवला. तो हळूहळू आत ओढला गेला आणि पांढरी रेघ माझ्या डोळ्यांदेखत विझत गेली. काही वेळाने खडा पुन्हा हिरवागार, काही झालंच नाही असा. मी टेबलावरून उठले, हात धुवायच्या खोलीत गेले आणि नळ सोडून रडले.

बाहेरच्या तज्ज्ञाने पुन्हा तपासलं. तोही तेच म्हणाला. प्रमुखांनी पाटीवरचं ते वाक्य माझ्यासमोर लाल शाईने खोडलं आणि पहिल्यांदाच मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. मनातल्या मनात मी भांडणाची तयारी करूनच आले होते. एवढ्या वर्षांचं सगळं माप त्यांच्या पदरात घालायचं ठरवलं होतं.

"तुम्ही काकाला उगाच हाकललंत," मी चपला काढायच्या आधीच म्हटलं. "त्याने खडा फोडला नाही. तडा शेकडो वर्षांचा आहे. भोक पाडताना गेलेला."

"भोक?"

"सोन्याखाली लपवलेलं. तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं."

"मग पांढरा कशाने पडला?"

"आतलं तेल निघून गेलं. पाण्याने."

"राजवाड्याच्या खड्याला तेल?" त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. मग त्यांनी हाताने चाचपत टेबलाची कड धरली. "पाण्यात त्याने घातलाच नव्हता गं."

मी दारातच उभी राहिले.

"मी घातला. काम चांगलं झालं म्हणून खुशीत होतो. बाकीच्यांबरोबर तोही उचलला आणि घातला. काढला तेव्हा हे असं. धाकटा म्हणाला, दादा, तुला पोरगी आहे, वहिनीला दिवस गेलेत. माझ्यामागे कोण आहे? गप्प राहा. म्हणाला, नुसता गप्प राहा." बाबांनी टेबलाची कड आणखी घट्ट धरली. "आणि मी गप्प राहिलो. त्याच्यासमोर जाऊन उभं राहायला मला तोंड नव्हतं. तो गेला तेव्हाही नव्हतं."

मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. नेहमीसारखाच तेलकट होता.

"वाटायचं, निदान खडा तरी खरंच फुटला होता," ते म्हणाले. "काहीतरी भरून न येणारं झालं होतं, म्हणून त्याचा बळी गेला."

मग त्यांनी मान वर केली. दिसत नव्हतं तरी डोळे माझ्या तोंडाकडे होते. जन्मभर खड्यांत घालवलेला माणूस, प्रश्न विचारल्याशिवाय कसा राहील?

"तेव्हाच परत तेल लावलं असतं तर? राजवाड्याचा माणूस यायला अवकाश होता. झाला असता का पहिल्यासारखा?"

टेबलावर, त्यांच्या कोपरापाशी, बुधली उभी होती. तीच. त्या दिवशीही ती तिथेच असणार.

"नाही बाबा," मी म्हटलं. "एकदा पांढरा पडला की नाही होत. तुमच्या हातात काही नव्हतं."

खूप शांतपणे म्हटलं. मला स्वतःलाच नवल वाटलं, इतकं निवांत मला कधी बोलता येत नाही.

बाबांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि माझ्या गालावर ठेवला.

"खोटं बोलताना तुझा आवाज अगदी त्याच्यासारखा होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी चाचपत ती बुधली उचलली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जागे होते, पण हत्यारं मांडायला उठले नाहीत.