कातडं सोलणारा शब्द

ताई बावीस वर्षं त्वचेच्या दवाखान्यात नर्स होती. खाजवून खाजवून सालटी निघालेली पाठ असो की घसरून सोलवटलेला गुडघा, डॉक्टर केसपेपरवर एकच शब्द लिहायचे: एक्स्कोरिएशन. त्यामुळे दुपारी मोबाइलवर भावजयीचा निरोप वाचला आणि ती ताडकन उठली.

‘काल नाटकाच्या प्रयोगानंतर एका समीक्षकाने सगळ्यांदेखत ह्यांना एक्स्कोरिएट केलं. सकाळपासून अंथरुणातून उठले नाहीत.’

ताईने तिला फोन लावला, तर तो बंद. भावजय कॉलेजात इंग्रजी शिकवायची, या वेळी वर्गावर असणार. ताईने मलम, जाळीचं ड्रेसिंग, चिकटपट्टी असं सगळं पिशवीत कोंबलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

धाकट्या भावाने दार उघडलं आणि परत जाऊन पलंगावर पालथा पडला.

“शर्ट वर कर,” ताई म्हणाली.

“कशाला?”

“किती सोललंय ते बघू दे. पोलिसांत गेलास का?”

“आता पोलीस काय करणार? दुसरा अंक रटाळ आहे म्हणाला. माझी पात्रं बोलत नाहीत, भाषणं ठोकतात म्हणाला.”

“म्हणजे अंगाला हात नाही लावला?”

“तोंडानेच काम भागलं त्याचं!”

तेवढ्यात भावजय आली. उशाशी मांडलेलं ड्रेसिंग पाहून तिने विचारलं, ऐकलं आणि हसता हसता खालीच बसली. मग जाडजूड शब्दकोश काढून म्हणाली, “पण ताई, तुमचं चुकलं नाही हं. लॅटिनमध्ये कोरियम म्हणजे कातडं. एक्स म्हणजे बाहेर, वेगळं. आधी खरोखरच कातडं सोलणं, मग नुसत्या शब्दांनी सोलणं. आपण नाही का म्हणत, सालटी काढली म्हणून?”

पलंगावर खुसखुस झाली. भाऊ उठून बसला.

“ताई, तू पाहिलंयस नाटक. खरं सांग.”

ताईने ड्रेसिंग परत पिशवीत ठेवलं. “दुसऱ्या अंकात माझा डोळा लागला होता रे. तो काका मरायला टेकलाय आणि अकरा पानं बोलतोय.”

भावाचा चेहरा पडला. मग तो उठला, संहिता आणली, पेन्सिल ताईच्या हातात दिली.

“खूण कर. कुठे झोपलीस?”

संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून काकाला दीड पानात मारला.