आनंदीचा आलेख

गुरुदास मालवणचा. वडील हरिश्चंद्र बंदरात पडाव चालवायचे. मुंबईची आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावं लागायचं. इंटर सायन्सला कोल्हापुरात असताना गुरुदासला खोकला लागला, म्हणून दवाखान्यात त्याच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. स्वतःच्या बरगड्या बघायच्या सोडून यानं विचारलं, "हे यंत्र कोण बनवतं?"

"डॉक्टर तर नक्कीच नाही बनवत," डॉक्टर हसून म्हणाले. "इंजिनियर बनवतात."

ते वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं. वर्षभर त्यानं मान वर न करता अभ्यास केला आणि मुंबईच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळवला. माणसाच्या शरीरासाठी यंत्रं करायला शिकवणारा अभ्यासक्रम तिथे नव्हता. त्याच्या प्रोफेसरांनी सरळच सांगितलं, "विलायतेत असं काही शिकवायला लागलेत म्हणे. तू इथे वीज शीक. शरीर शिकायला शनिवारी इस्पितळात जात जा."

तो जाऊ लागला. इस्पितळात हृदयाचा आलेख काढणारं एक यंत्र होतं. त्यात खोलीतल्या विजेची थरथर मिसळायची आणि कागदावरची रेघ सुरवंटासारखी केसाळ व्हायची. ती थरथर घालवायची, हाच शेवटच्या वर्षी गुरुदासचा प्रकल्प ठरला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर हरिश्चंद्र आनंदीला घेऊन आगबोटीनं मुंबईला आले. आनंदी गुरुदासची धाकटी बहीण. लहानपणी तिला सांधे धरून ताप आला होता. ताप उतरला, घरचे विसरून गेले. आता विहिरीवरून कळशी आणली तरी तिला धाप लागायची, आणि पाय सुजायचे. गुरुदासनं तिला त्याच इस्पितळात दाखवलं. आलेख काढायचं काम ओघानंच त्याच्याकडे आलं.

त्यानं तिच्या मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधले.

"झटको बसतलो काय रे दादा?"

"नाय गो. गप पडून रव."

सुई हलली, कागद सरकला. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मोठ्या ठोक्याच्या आधी एक बारीक लाट असते. ती आहे की नाही, या थरथरीत काही कळत नाही."

गुरुदासनं खाट भिंतीपासून ओढली, पंखा बंद केला, तारा गुंडाळून एका बाजूला घेतल्या आणि यंत्राची जमिनीला जोडलेली तार नव्यानं बसवली. पुन्हा कागद सरकला. रेघ स्वच्छ आली, महिनाभर धडपडूनही आली नव्हती इतकी स्वच्छ. क्षणभर त्याला आनंद झाला. मग त्यानं ठोक्यांच्या मधली जागा पाहिली. ती बारीक लाट नव्हतीच. ठोकेही कसेही पडत होते, काही जवळ, काही लांब.

"ह्या माजा काळीज?" आनंदीनं मान उचलून हसत विचारलं. "कसला वाकडातिकडा चलता बघ!"

डॉक्टर त्याला बाहेर घेऊन गेले. हृदयातली झडप आकसून गेलीय, म्हणाले. थोडी आधी आणली असती तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. गुरुदास ऐकत होता. ऐकताना त्याला वाटत होतं, पंखा चालू करायला हवा, तिला उकडत असेल.

माघात आनंदी गेली. चंदनवाडीत अग्नी दिला, आणि हरिश्चंद्र एकटेच मालवणला परतले. परीक्षा तोंडावर आली होती. गुरुदास राहिला. जेवायचा, वाचायचा, झोपायचा. खोलीतली मुलं त्याच्याशी हळू आवाजात बोलायची. ती असं का बोलतात, हे कधी कधी त्याला आठवावं लागायचं.

तोंडी परीक्षेत त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, थरथरीचा आणि स्वच्छ. बाहेरून आलेले परीक्षक स्वच्छ कागदावर वाकले.

"वा! फारच सुरेख आलेख आहे. पेशंट कोण?"

"एकोणीस वर्षांची मुलगी," गुरुदास म्हणाला. "संधिवाताच्या तापानं झडप गेलेली." आणि तो तारेच्या जोडणीबद्दल बोलत राहिला. प्रोफेसरांना सगळं ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. गुरुदासला पहिला वर्ग मिळाला आणि त्याच इस्पितळात यंत्रं सांभाळायची नोकरीही.

पावसाळ्यात आगबोटी बंद व्हायच्या. त्याआधीच्या शेवटच्या बोटीनं तो घरी गेला. आई, काशीबाई, घरासमोरच्या खळ्यात वाळत घातलेली आमसुलं उलटीपालटी करत बसली होती. ती उठली नाही. तो शेजारी टेकला.

"तिचा काळीज तू बघलंस म्हणान बापूस सांगी होतो."

"बघलंय."

"मगे? काय दिसला?"

गुरुदासनं तिला सांगितलं. कसलाही आडपडदा न ठेवता, परीक्षकांना सांगितलं तसंच, फक्त मालवणीत. काशीबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तेवा दुखी होता तिका?"

"तेवा नाय. हसली थय."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मग त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुका रडूक येना?"

"येना गे आये."

ती उठली. आत गेली, पेज आणि भाजलेला बांगडा घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून राहिली. बांगड्याला मीठ जास्त झालं होतं. त्यानं तो सगळा खाल्ला.