निळ्या बाटलीतली दोन झाकणं

आमच्या लॉन्ड्रीतून गेलेला कपडा डोळे मिटूनही ओळखता येतो, असं बाबा म्हणतात. सगळं श्रेय निळ्या बाटलीला. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात तिच्यातलं एक झाकण टाकायचं, की कपडा मऊ आणि घमघमीत. बोक्याचे, म्हणजे ताईच्या चार महिन्यांच्या लेकाचे, लंगोट धुणं हे माझं खातं. त्यात मी दोन झाकणं टाकायचे. भाचा कोणाचा आहे शेवटी.

ताई सोमवारपासून परत चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला जाणार होती. बोक्या दुपारपर्यंत बाबांकडे आणि शाळा सुटली की माझ्याकडे, असं ठरलं होतं. आणि बुधवारी त्याचं ढुंगण लालबुंद झालं. लंगोट बदलायला घेतला की असा रडायचा, की इस्त्री करणारे बाबा हातातलं काम टाकून आत यायचे. ताईचं तोंड एवढंसं झालं.

"मी कामाचा विचार काय केला, याचं हे सुरू झालं," ती म्हणाली. "दुकानात नाही म्हणून कळवते."

"पुरळाला काय कळतंय तू कुठे जातेस ते," मी म्हटलं. ती हसली नाही.

दवाखान्यात मास्क लावलेल्या सिस्टरांनी बोक्याला उताणा घातला. "मांड्यांच्या वळ्यांत कमी आहे, कापड टेकतं तिथे जास्त. पावडर, सुगंधी वाइप्स, काही वापरता?"

"काहीच नाही हो. ओला झाला की लगेच बदलते. लंगोटसुद्धा घरीच धुतो." ताईचा आवाज भरून आला. "माझंच काहीतरी चुकतंय."

कापड टेकतं तिथे. ते कापड तर मीच धुत होते. आमच्या घरात त्या बाटलीचा वास कोणाला येतच नाही, इतका तो भिंतींत मुरलाय. मी गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. पण ताई ओढणीने डोळे पुसत होती.

"सिस्टर, मी शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं औषध घालते. सुगंधी. दोन झाकणं."

सिस्टरांनी मास्क खाली करून लंगोट नाकाशी नेला. "बाई गं, हा लंगोट आहे का अत्तराची कुपी? अशाने कापड पाणीही नीट शोषत नाही."

मग त्या ताईकडे वळल्या. "रडू नका. कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपून घ्या. थोडा वेळ उघडा ठेवा. मग हे झिंकचं मलम जाडसर लावा, सायीसारखं. तीन दिवसांत उतार नाही पडला, फोड आले किंवा ताप आला, तर लगेच आणा."

वाटेत ताई माझ्याशी बोलली नाही. पण बोक्याला माझ्याच खांद्यावर ठेवलं होतं.

बाबांना बाटलीचा अपमान सहन होईना. "तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

"गिऱ्हाइकं कपड्यात शू करत नाहीत, बाबा," ताई म्हणाली.

बाबांनी इस्त्री बाजूला ठेवली. मग सगळे लंगोट स्वतः साध्या पाण्यातून तीनदा काढले आणि उन्हात घातले.

रविवारी बोक्या टॉवेलवर उघडा पडून पाय झाडत होता. लाल रंग जाऊन फिका गुलाबी उरला होता. ताई दारात उभी राहिली, हाताची घडी घालून. "तू बदल. मी हात लावणार नाही."

मी धुतलं, टिपलं, मलम लावलं. बोक्या रडला नाही. उलट नवा लंगोट बांधायच्या आत माझ्या भूगोलाच्या वहीवर धार सोडली.

"नद्यांचा धडा होता," मी म्हटलं.

ताई हसली. बुधवारनंतर पहिल्यांदा. मग कपाटातून काचा बसवायच्या बारीक स्क्रूड्रायव्हरांची पिशवी काढली आणि उद्यासाठी दाराजवळ ठेवली.

"शाळा सुटली की सरळ घरी यायचं," ती म्हणाली. "मैत्रिणींचं शेपूट लावून नको."