जाळ नको, धूर

कडाक्याच्या थंडीतल्या पहाटे निफाडजवळच्या शिवारात वारा थांबला होता आणि आकाशात एकही ढग नव्हता. उज्वलाला याच दोन गोष्टींची भीती होती.

द्राक्षांच्या मण्यांत पाणी उतरलं होतं, तोडणी जवळ आली होती. नवरा राकेश गेल्यानंतर तिने एकटीने सांभाळलेला हा पहिला हंगाम. माल तडकला तर बाग काढून ऊस लावायचा, असं दीर योगेशने सांगून टाकलं होतं. राकेशने लावलेल्या वेली मग सरपण होऊन बांधावर पडणार होत्या.

विहिरीचं पाणी कोमट असतं. ते सोडलं की माती ऊब धरते. पण वीज आली नव्हती. उरले होते ओळींमधले उसाच्या पाचटाचे आणि ओल्या काड्यांचे छोटे ढीग. काही धुमसत होते.

"जाळ नको, धूर कर," सासू मालनबाई म्हणाल्या. "बाग शेकायची नाय, झाकायची."

एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. अशा निरभ्र रात्री मात्र जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. तिच्या लगतची हवा गारठून जड होते, खाली बसते, आणि ऊबदार थर तिच्यावर झाकणासारखा राहतो. धूर त्या झाकणाखाली आडवा पसरतो.

पानांवरचं दव गोठून पांढरं होऊ लागलं, तसा उज्वलाचा धीर सुटला. तिने सगळे ढीग एका जागी ओढले आणि वर डिझेल ओतलं.

जाळ उंच गेला. ऊब वेलींना न शिवता, ते झाकण फोडून सरळ वर निघून गेली आणि तिच्या जागी नदीकडून गारठा बागेत ओढला गेला. उज्वलाच्या घोट्यांना तो लागला.

"वहिनी, होळी लय लवकर आली यंदा!" योगेश धावत येत म्हणाला.

उजाडलं. मणी शाबूत होते. उज्वलाने एक घड तळहातावर घेतला.

"वाचला माल, भाऊजी."

"ऊन येऊ दे, मग बोल," मालनबाई म्हणाल्या.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. गारठलेला मणी उन्हात एकदम तापला की त्याची साल फाटते. खरा धूर आत्ता हवा होता, ऊन अडवायला. आणि पेटवायला काहीच उरलं नव्हतं.

योगेश घरातून चादरी आणि साड्या घेऊन आला. पूर्वेकडची एक ओळ तिघांनी झाकली, कमी पडलं तिथे कापड हातांनी ताणून धरलं. ऊन त्यांच्या डोक्यांवरून पुढच्या ओळींवर गेलं. मणी फुटताना आवाज होत नाही. घडांवर रस चमकू लागतो, इतकंच.

"एका ओळीसाठी बाग नाय ठेवता येत, वहिनी."

"ठाऊक आहे," उज्वला म्हणाली. "हात वर धरा."