तंबू नंबर चार

"आई, ही जमीन खरंच शेणानं सारवलीय!" श्रेया चप्पल काढून उभी राहिली.

प्रयागबाईंनी सुनेकडे नुसतं पाहिलं. कऱ्हाटीच्या घरात त्यांची अर्धी हयात सारवण्यात गेली होती, आणि फरशी बसली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते.

कळसच्या माळावर, ऊस संपतो तिथं, हरणं बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी असे सहा तंबू होते. खाली शेण, वर परीटघडीच्या चादरी. आरोग्य उपकेंद्रात बत्तीस वर्षं नर्स म्हणून राबलेल्या आईच्या सत्तरीनिमित्त शंभूराजनं दोन दिवसांसाठी चार नंबरचा तंबू घेतला होता.

मॅनेजर रविराज इंदापूरचाच, पण पुण्याचं बोलत होता. "इथं निसर्गाला त्रास होईल असं आम्ही काहीच करत नाही. टॉयलेटलासुद्धा पाणी नाही. वरून भुसा टाकायचा, त्याचं खत होतं."

"मांजर माती टाकतं, तुमी भुसा," प्रयागबाई म्हणाल्या. "मांजर पैसं घेत न्हाय, येवढाच फरक."

शंभूराज हसू दाबत खोकला. प्रयागबाईंना मात्र हसू आलं नाही. संडास बांधा म्हणून त्यांनी घरोघरी हात जोडले होते. लोकांनी बांधले आणि त्यात गोवऱ्या भरल्या. आता तोच संडास शहाण्यांना शोभेची वस्तू झाला होता.

दुपारी चादरी बदलायला म्हाळसा आली. तिशीची असेल. वाकताना तिनं ओटीपोट दाबून धरलं. प्रयागबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"जळजळ हुती का गं?"

म्हाळसा चपापली. "व्हय, बाई. लय दिस झालं."

"दिवसभर जातीस कुठं?"

"कुठंच न्हाय. सकाळी उरकून यायचं, दिसभर पानी टाळायचं, मग घरी गेल्यावरच. उसात जावं, तर पाव्हणं फोटू काढत हिंडत्यात."

"आन हे काय हाय?" प्रयागबाईंनी तंबूमागच्या संडासाकडे बोट केलं.

"ते पाव्हण्यांचं. आमी फकस्त साफ करायचं."

प्रयागबाईंनी तिला दंडाला धरून आत ढकललं आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. रविराज धावत आला.

"मॅडम, स्टाफला गेस्टचं टॉयलेट चालत नाही. हायजीनचा प्रश्न असतो."

"मला हायजीन शिकवतोस? हरणाच्या लेंड्या बघाया लोकं आणतोस, आन बाईमाणसाच्या मुताला भितोस व्हय रं?"

"आई, हळू बोल," शंभूराज लाजून म्हणाला.

"हळू बोलून बत्तीस वर्सांत कुनी ऐकलं न्हाय माझं."

म्हाळसा बाहेर आली, पदर सारखा केला आणि कुणाकडेही न बघता चादरींचं बोचकं उचलून गेली. त्या संध्याकाळी प्रयागबाई चार घास जास्त जेवल्या.

दुसऱ्या दिवशी चादरींना दुसरीच बाई आली. तिचं नाव झुंबर.

"म्हाळसा कुठं हाय?"

"तिला कामावर येऊ नगं म्हनलं सायबांनी," झुंबर खालमानेनं म्हणाली.

प्रयागबाई तरातरा रविराजकडे गेल्या. त्यानं हात जोडले. "नियम आहे मॅडम. आपण लेखी सूचना द्या, वरती पाठवतो."

त्यांनी सूचना लिहिली. कागद घेताना त्यानं तो वाचलाही नाही. त्या परत तंबूत आल्या. आतापर्यंत त्यांना या जागेची किळस येत होती. आता स्वतःचीच आली. दोन दिवसांची पाहुणी भांडून मोकळी झाली होती आणि पाय दुसरीच्या पोटावर पडला होता.

शंभूराज बॅगा गाडीत टाकत होता. झुंबर उशा झटकत होती.

"बाई गं, कुनी न्हाय हितं," प्रयागबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी दारात बसते. जाऊन ये."

"मला लागतच न्हाय," झुंबर चटकन म्हणाली.

"बरं. पानी तरी पी. उन्हाचं काम करतीस."

त्यांनी पेला भरून पुढं केला. नको म्हणणं झुंबरला बरं वाटेना. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, नुसते ओठ ओले केले, आणि भरलेला पेला तसाच खाली ठेवला.