सहाव्या दिवसाचे नऊ

“हे नऊ खोडून टाका, ताई,” गणिताच्या मॅडमनी वहीवर पेन टेकवलं. “बाकी सगळी शून्यं, नाहीतर एक-दोन. मध्येच हे नऊ कुठून आलं? सरासरी उगाच फुगते त्यानं. मोजताना चुकलं असणार.”

“चुकलं नाही,” ती म्हणाली. “मी स्वतः मोजलंय.”

शर्टांच्या कारखान्यात माल तपासण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. डोळ्यांत तेल घालून वाकडी शिवण हेरायची आणि चारचौघांत वेगळा दिसणारा शर्ट बाजूला फेकायचा, हेच तिचं काम. आता बढती हवी तर संख्याशास्त्राची परीक्षा देणं आलं. बावन्नाव्या वर्षी ही ब्याद! कामाची पाळी सुटल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. घरातलं काहीही दहा दिवस मोजून आणा, असा गृहपाठ होता. एकीनं दूध किती वेळा उतू गेलं ते मोजलं, दुसरीनं नवऱ्याचं घोरणं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली होती. हिच्या तक्त्याला मात्र मथळाच नव्हता.

“मोजलंत काय पण?”

“टाचण्या.”

मॅडमना काही उमगलं नाही. बाकीच्या बायका पांगेपर्यंत ती घुटमळली आणि मग सांगून टाकलं.

“आई ओळखत नाही हो मला आता. ‘अहो बाई’ म्हणते. पण कधीतरी एकदम ‘पिटुकले’ अशी हाक मारते, लहानपणासारखी. मारली की मी टाचण्यांच्या उशीत एक टाचणी खोचते. त्या सहाव्या दिवशी नऊ वेळा मारली. जेवलीस का विचारलं. केस किती पिकले गं तुझे, म्हणाली.”

मॅडम तिच्या निम्म्या वयाच्या. त्यांनी पेनाला टोपण घातलं, पुन्हा काढलं.

“राहू दे नऊ. आपण मध्यक काढू. आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला बघा. नऊ असलं काय नि नसलं काय, त्याला फरक पडत नाही.”

तिनं आकडे लावले. आधी सहा शून्यं, मग एक, एक, दोन आणि सगळ्यात शेवटी नऊ. मधली दोन्ही शून्यंच निघाली.

“म्हणजे उत्तर शून्य?”

“अगदी बरोबर.”

आयुष्यात पहिल्यांदाच गणिताचं उत्तर बरोबर आलं होतं, आणि तिला रडू फुटायचंच बाकी होतं. तसा नऊ हाकांचा दिवस पुन्हा उगवावा, एवढंच तिला हवं होतं. बढती गेली खड्ड्यात.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी आईला तिच्या हवाली केलं. आई खुर्चीत बसून होती, गाऊनची कड उसवलेली. ती सुई-दोरा घेऊन आईच्या पायाशी बसली. गृहपाठ संपला होता, तरी उशी सवयीनं शेजारी ठेवली. एकही टाचणी नसलेली. डबीतल्या दोन टाचण्या कडेला लावल्या, तिसरी दातांत धरली.

“आई, मी आले गं.”

“या, बसा,” आई अदबीनं म्हणाली. जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम खेकसली, “अहो बाई, टाचणी काढा आधी तोंडातून! गिळाल एखादे दिवशी. तुमची आई रागवत नाही का?”



“रागवते ना,” ती टाचणी हातात घेत म्हणाली. “सारखी रागवते.”

“मग ऐकावं माणसानं,” म्हणत आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

‘पिटुकले’ काही आलं नव्हतं. नियमानं आजचंही शून्यच. एकवीस वर्षांत तिनं एकही सदोष शर्ट पुढे जाऊ दिला नव्हता. पण आज तिनं टाचणी उशीत खोचली आणि खाली वाकून कड शिवायला घेतली.